रोड रिडेम्प्शन: लाथ जमली की गेम जमला

रोड रिडेम्प्शन हा मोटरसायकलवर बसून मारामारी करत शर्यत करायचा कॉम्प्युटर गेम. त्यात तलवार आहे, लोखंडी पाइप आहे, बंदुका आहेत, दुसऱ्याला चिकटवायचा सी-फोर बॉम्ब आहे. पण गेम घ्यावा तो लाथेसाठी. शेजारून गाडी घासत आलेल्याला, समोरून ट्रक येत असताना, अगदी वेळेवर लाथ बसली आणि तो सरळ ट्रकच्या तोंडी गेला, की खोलीतले सगळे एकदम ओरडतात. आमच्याकडे गेले कित्येक महिने हेच चाललंय. सेल लागला तेव्हा दोनशे रुपयांच्या आत पडलेल्या गेमनं एवढं दिलं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

माझं बेळगावात अनगोळला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. दिवसभर क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, वाकलेले फोर्क यातच हात. शटर ओढलं की मागच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू होतो. खेळणारे ठरलेले आहेत. इंजिनिअरिंगला असलेला भाचा. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा येळ्ळूरचा मित्र. शेजारचे अण्णा, मूळ गोकाकचे, घरी कन्नड बोलणारे. गॅरेजमधला कामावरचा पोरगा. आणि माझी बायको, जी सगळ्यांत शेवटी खेळायला लागली आणि आता सगळ्यांत आधी गेम खेळायचा पॅड उचलते. खाली मतं सगळ्यांची दिलीत, कारण आमचं एकमेकांशी पटत नाही, आणि गेम घेणाऱ्यानं आपला स्वभाव कुणाशी जुळतो ते बघून ठरवलेलं बरं.

आधी रोड रॅश या जुन्या गेमबद्दल बोलायला पाहिजे, त्याशिवाय या गेमचं मूळ कळणार नाही. रोड रॅश इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं 1991 मध्ये सेगाच्या, टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर आणला. आपल्याकडे बहुतेकांनी खेळला तो 1996 मध्ये विंडोजवर आलेला. माझ्या वयाची टिळकवाडी-शहापूरची पोरं कॉम्प्युटर क्लासला जायची ती टायपिंग शिकायच्या नावाखाली, आणि सर बाहेर गेले की सगळ्या मशीनवर रोड रॅश चालू. सिटी, पेनिन्सुला, पॅसिफिक हायवे, सिएरा नेवाडा, नापा व्हॅली हे पाच रस्ते आम्हाला आपल्या गल्ल्यांसारखे पाठ होते. साखळी हातात आली की राजा. पोलीस मागून यायचा, धरलं की रेस संपली. त्या गेममध्ये शर्यत आणि मारामारी सतत एकमेकांच्या आड यायच्या, आणि तेच त्याचं खरं कौशल्य होतं. मारायला गेलं तर वेग जायचा, वेग धरला तर मार खायला लागायचा. दर सेकंदाला काहीतरी निवडायला लागायचं.

नंतर बरीच वर्षं असा गेम कुणी नीट केलाच नाही. रोड रिडेम्प्शन करणाऱ्यांनी 2013 मध्ये किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर लोकांकडे पैसे मागितले. 1,60,000 डॉलरचं लक्ष्य होतं आणि त्याहून जास्त जमले. जगभर रोड रॅशची आठवण काढणारे किती होते ते यावरून कळतं. पिक्सेल डॅश आणि ईक्यू गेम्स या दोन छोट्या स्टुडिओंचं हे काम. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर पूर्ण गेम आला, पुढच्या वर्षी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच या गेम मशीनवर. छोट्या टीमचा, कमी पैशातला गेम आहे हे पहिल्या मिनिटात दिसतं. रस्त्याकडेची झाडं, डोंगर, दगड सगळं जुनाट आणि तेच तेच. चित्रं बघून गेम घेणाऱ्यांनी इथेच थांबावं.

कथा दोन ओळींची आहे. देशातल्या सगळ्यात श्रीमंत शस्त्र-कंपनीचा प्रमुख मारला गेलाय, मारेकरी मोटरसायकलवर पळालाय, त्याच्या डोक्यावर दीड कोटी डॉलरचं बक्षीस आहे, आणि आपण त्याच्या मागे. वाटेत टोळ्यांचे इलाके लागतात. कधी पहिल्या तिघांत यायचं असतं, कधी ठरलेली माणसं पाडायची असतात, कधी लूटमार, कधी घड्याळाशी झुंज. कथेकडे आमच्यापैकी कुणीही लक्ष दिलं नाही आणि त्यानं काही बिघडलंही नाही.

आता लाथ. लाथेला वेगळं बटण आहे, पण बटण दाबणं म्हणजे लाथ जमणं नव्हे. शेजारच्याचं पुढचं चाक आपल्या मागच्या चाकाच्या रेषेत आहे तोवर थांबायचं. तो आणखी पुढे येतो, त्याचं हँडल आपल्या गुडघ्याजवळ आलं की एक डोळा त्याच्यावर आणि एक समोरच्या लेनवर. समोर गाडी, खांब, कठडा यांपैकी काय आहे ते बघायचं, ते किती लांब आहे त्याचा अंदाज घ्यायचा, आणि मग मारायची. लवकर मारली तर तो डगमगतो, सावरतो आणि परत येऊन आपल्यालाच पाइप घालतो. उशिरा मारली तर दोघंही त्याच खांबावर. नेमकी बसली तर त्याच्या अंगात कितीही ताकद शिल्लक असू दे, खेळ खलास. तलवारीनं चार-पाच घाव घालून जे होतं ते एका लाथेत होतं, पण त्यासाठी रस्ता वाचता यायला पाहिजे. गाडी चालवणं आणि मारणं ह्या दोन गोष्टी इथे एकाच नजरेत येतात. माझ्या मते रोड रॅशचा वारसा या गेमनं इथेच खराखुरा चालवला, आणि एका जागी तर त्याच्या पुढे नेला.

हत्यारांचंही चांगलं जमवलंय. समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर तलवारीचा फारसा उपयोग होत नाही, आधी पाइपसारख्या बोथट हत्यारानं हेल्मेट फोडायचं आणि मग तलवार काढायची. म्हणजे शेजारी कोण आलंय ते बघून हत्यार बदलायला लागतं. समोरच्याचा वार अडवायचंही बटण आहे, आणि वेळेवर अडवलं तर आपला पुढचा घाव जबर बसतो. कामावरचा पोरगा यात तरबेज आहे. तो पुढे पळतच नाही. मुद्दाम गर्दीत गाडी ठेवतो, वार अडवतो, मारतो, पुन्हा अडवतो. "मालक, पुढं जाऊन काय करायचंय, माणसं तर इथं आहेत," असं त्याचं म्हणणं. बंदुका मला स्वतःला आवडल्या नाहीत. लांबून गोळी घालून माणूस पाडण्यात या खेळाचा जीव नाही. पुढच्या टप्प्यांत मात्र त्या वापरायलाच लागतात.

यानंतर वादाची गोष्ट. या गेममध्ये मेलात की मोहीम पहिल्यापासून. मिळवलेलं सोनं, त्या फेरीत गाडीला आणि हत्यारांना लावलेल्या सुधारणा, सगळं जातं. उरतो फक्त अनुभवाचा हिशोब. त्या अनुभवाच्या बदल्यात कायमच्या सुधारणा विकत घेता येतात, म्हणजे जास्त जीव, जास्त नायट्रो (एकदम वेग वाढवायची सोय), जास्त जोराचा घाव, आणि मग पुन्हा सुरुवात. शिवाय एका शर्यतीत खाल्लेला मार पुढच्या शर्यतीत तसाच सोबत येतो. मधल्या दुकानात सोनं मोजून जीव भरून घ्यायचा, का तेच सोनं हत्याराला लावायचं, हे प्रत्येक वेळी ठरवायला लागतं.

येळ्ळूरच्या मित्राला हे अजिबात पटलं नाही. सेकंड शिफ्ट करून रात्री येणारा माणूस. त्याचं म्हणणं सरळ आहे: "दिवसभर मशीनवर उभा राहून आलोय, तास-दीड तास खेळलो, आणि एका टेम्पोला धडकून सगळं जाऊलाय. मग मी मिळवलं काय?" त्याचं चुकीचं म्हणता येणार नाही. गेममध्ये असे मृत्यू येतात ज्यात आपला दोष नसतो. वळणावरून अचानक गाडी समोर येते, किंवा मागून कुणी बॉम्ब चिकटवून जातो आणि आवाजाच्या गोंधळात कळतच नाही. ज्याच्याकडे वेळ मोजका आहे त्याला हे खुपणारच.

भाच्याचं अगदी उलट. त्याच्या मते मरायची भीती नसती तर पहिल्या तीन शर्यतींनंतर हा गेम कंटाळवाणा झाला असता, कारण रस्ते तेवढे वेगळे नाहीत. "मामा, रस्ता तोच असतो, पण आपला जीव किती उरलाय त्यावर तो बदलतो की नाही?" या वादात मी भाच्याच्या बाजूनं आहे. पाव जीव शिल्लक असताना त्याच घाटातून जाणं आणि पूर्ण जीव असताना जाणं यात खरंच फरक पडतो. लाथ मारायला शेजारच्याच्या जवळ जाऊ का, का मुकाट्यानं मागे राहून तिसरा नंबर घेऊ, हा विचार तेव्हाच येतो. पण मित्रासारख्यांसाठी गेम करणाऱ्यांनी एक साधा, मेल्यावर कमाई न पुसणारा प्रकार ठेवला असता तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. त्यातला त्यात बरं म्हणजे कायमच्या सुधारणा साठत जातात, आणि खेळत राहिलात की सुरुवातीचे टप्पे सोपे होत जातात. चिकाटी असेल तर गेम तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा गेम प्रत्येकाला सुचवतो ते. एकाच पडद्यावर चौघांना खेळता येतं. हल्लीच्या गेमांत हे दुर्मीळ झालंय. सगळ्यांना वेगळा कॉम्प्युटर, वेगळं इंटरनेट आणि वेगळी खोली लागते. इथे एक कॉम्प्युटर, एक टीव्ही, पॅड असतील तेवढे, आणि पडदा चार भागांत. जुलैमध्ये बेळगावात पाऊस बसला की दोन-दोन दिवस उसंत देत नाही. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक नाही, बाहेर पडायची सोय नाही. अशा वेळी आम्ही टीव्ही मागच्या खोलीत लावतो, कुणीतरी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी आणतं, आणि चौघं खेळतात, बाकीचे सल्ले देतात. अण्णा रंगात आले की "होडी, होडी, बिडब्याड!" (मार, मार, सोडू नको!) म्हणून उठून उभे राहतात, भाचा मराठीत शिव्या घालतो, आणि कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही.

एकत्र खेळताना गेमचा स्वभावच बदलतो. एकट्यानं खेळताना पुढे जायचं असतं. चौघांत एकमेकांना सांभाळायला लागतं. इथे माझ्या बायकोचं मत सगळ्यांत मोलाचं वाटतं मला. पहिल्या दिवशीच ती म्हणाली, "ओ, तुमचं तुम्ही पुढं पळूलाय, मागं मला चौघं मिळून मारूल्यात, बघा की जरा!" त्यानंतर ती कुणाच्या तरी मागोमाग राहून खेळायला लागली. तुमच्यावर कुणी वार करायला आला की ती मागून येऊन त्याला लाथ घालते. तिच्यामुळे आम्ही जेवढे पुढे गेलो तेवढे आधी कधीच गेलो नव्हतो. तक्रारही तिचीच खरी आहे: चौथा हिस्सा पडदा म्हणजे समोरची गाडी मुंगीएवढी दिसते. लाथेसाठी रस्ता वाचावा लागतो म्हटलं ना, तो रस्ता लहान टीव्हीवर चौघांत वाचताच येत नाही. बत्तीस इंची टीव्ही असेल तर दोघांतच खेळा. चौघांना त्रेचाळीसच्या खाली मजा नाही.

इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळायची सोय आहे, पण मी बघितलं तेव्हा माणसंच मिळाली नाहीत. त्या भरवशावर घेऊ नका.

अण्णांना आवडतात ते गच्चीवरचे टप्पे. उंच इमारतींच्या माथ्यावरून गाडी पळवायची, पाठीवर जेट लावून एका गच्चीवरून दुसरीवर उडायचं. मला ते टप्पे नकोसे वाटतात. तिथे मारामारी बाजूलाच राहते आणि खाली पडू नये एवढ्यातच सगळं लक्ष जातं. अण्णा म्हणतात, रोज रस्त्यावर गाडी चालवतोच की, गच्चीवर कधी चालवणार. आकाशातून गाड्या कोसळायला लागतात असाही एक टप्पा आहे. पहिल्यांदा आला तेव्हा खोलीतलं कुणीच काही बोललं नाही, सगळे नुसते बघत राहिले. असल्या बाबतीत या छोट्या स्टुडिओंनी मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त धीट डोकं चालवलंय.

मेकॅनिक म्हणून दोन शब्द बोललो नाही तर चैन पडणार नाही. गाड्यांचं वजन जाणवत नाही. जोरात वळण घेताना गाडी रस्त्यावर तरंगते, टायरची पकड हाताला कळत नाही. वीस फुटांवरून आपटली तरी पुढचा फोर्क सरळच्या सरळ. इंजिनाचा आवाज मिक्सरसारखा एकसुरी, गाडी बदलली तरी कानाला फरक कळत नाही. रोड रॅशमध्ये डायाब्लो ही गाडी घेतली की आवाजावरून आणि सुटण्यावरून कळायचं, ते सुख इथे नाही. रस्तेही फार मोकळे. ज्यानं बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाटात धुक्यात गाडी घातलीय, त्याला या गेममधली वळणं वळणं वाटणार नाहीत. थोडे अरुंद, आंधळे रस्ते दिले असते तर लाथेला आणखी धार आली असती. ब्रेक तर जवळजवळ विसरूनच जायचा. मागे ओढायला म्हणून लावायचा, कुणाला पुढे जाऊ देऊन मग मारायचं असेल तर. हा ब्रेकचा उपयोग मात्र मस्त आहे, तो शिकून घ्या.

लहान मुलांच्या हातात हा गेम देऊ नका. तलवारीनं मुंडकं उडतं, रक्त दिसतं. आणि गाडीवर बसून मारामारी, ही कल्पना चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात कशी बसते ते मी सांगू शकत नाही. माझ्याकडे अपघाताच्या गाड्या येतात. टाकीवरचा पोचा आणि तुटलेला फूटरेस्ट बघून चालवणाऱ्याचं काय झालं असेल ते मला कळतं. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, तरी पोरं ते आरशाला अडकवून फिरतात. आमच्याकडे नियम केलाय. अठराच्या खालचं कुणी या खोलीत बसत नाही, आणि खेळून झाल्यावर गाडीवर घरी जाणाऱ्याचं हेल्मेट मी स्वतः डोक्यावर बसवलेलं बघतो. कुणाला हे जास्त वाटलं तर वाटू दे.

कॉम्प्युटर फार भारी लागत नाही. माझ्याकडे जुना आय-फाइव्ह प्रोसेसर आणि जीटीएक्स 750 टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. एकट्यानं आणि दोघांत खेळताना अडखळत नाही. चौघं बसले की मोठ्या गर्दीत जरा रखडतो, मग चित्रांची पातळी एक घर खाली आणतो आणि चालतं. पॅड स्वस्तातले, वायरचे घेतले तरी पुरतात. एक जण कीबोर्डवर खेळू शकतो, त्यामुळे चौघांसाठी तीन पॅड बास. पूर्ण किंमतीला घ्यायची घाई करू नका, सेल वरचेवर लागतात.

घेतलात तर पहिला अनुभव जीव वाढवण्यावर घाला, हत्यारांवर नंतर. सुरुवातीला पाइपच बरा, हेल्मेटवाल्यांनाही लागतो आणि बिनहेल्मेटवाल्यांनाही. दुकानात सोनं कमी असेल तर जीव भरा, बाकी सगळं थांबू शकतं. आणि लाथ शिकायला पहिल्या टप्प्यातला लांब सरळ रस्ता वापरा. नंबराची काळजी न करता, मागच्या रांगेत राहून, प्रत्येक येणाऱ्या ट्रकच्या आधी एकाला गाठायचं. भाचा असाच शिकला, आणि आता तो शेजारी आला की आम्ही सगळे लेन बदलतो.